फाट्यापासून पुढे

जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावाला एक ओळ मिळते. क्षेत्रफळ, घरे, माणसे, शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता, बस असे सगळे त्या एका ओळीच्या रकान्यांत बसवलेले असते. २०११ च्या पुस्तिकेत एखादी सोय गावात असेल तर तशी नोंद होते आणि नसेल तर ती किती लांब आहे हे एका अक्षरात सांगितले जाते: पाच किलोमीटरच्या आत असल्यास ‘ए’, पाच ते दहा असल्यास ‘बी’ आणि दहाच्या पुढे ‘सी’. नोकरीची बरीच वर्षे मी नागपुरात पंख्याखाली बसून अशा नोंदी जुळवल्या. ‘ए’ लिहिताना ते पाच किलोमीटर कोण, कशाने आणि किती वाजता कापणार आहे, हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि पडला असता तरी त्याच्यासाठी रकाना नव्हता.

निवृत्तीनंतर मी यांपैकी एक ओळ निवडली आणि त्या गावी केवळ सार्वजनिक वाहनाने जाण्याचे ठरवले. गाव कुही तालुक्यातले आहे, २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी त्याची लोकसंख्या पाचशेच्या थोडी आत होती आणि बससेवेच्या रकान्यात ‘आहे’ अशी नोंद होती. दिवसही मुद्दाम फेब्रुवारीतले घेतले, कारण मागच्या दोन्ही जनगणनांची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी याच काळात झाली होती. गावाचे नाव मी येथे देत नाही. तिथल्या लोकांनी वाहनांविषयी मोकळेपणाने जे सांगितले, त्यातले काही छापून आल्यास त्रास त्यांनाच होईल.

पहिला दिवस : सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

सकाळी ७.४० ला गणेशपेठ स्थानकावरून कुहीची गाडी सुटली. जानेवारीच्या २५ तारखेपासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढलेले असल्यामुळे सुट्या पैशांवरून वाहक आणि प्रवासी यांच्यात थोडी घासाघीस चालू होती. पासष्ट ओलांडल्यामुळे मला अर्धे तिकीट लागले. गाडीत पुरुषांपेक्षा बाया जास्त होत्या. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे पूर्ण तिकीट काढणारे आम्हा पन्नासेक जणांत मोजके तरुणच असावेत, असे मला वाटले. वाहकाला विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “फुल तिकीटवाले आता मोटारसायकलीवर असतात, काकाजी.” हे वाक्य मी तेव्हा सहज टिपून घेतले. त्याचा पूर्ण अर्थ कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दिघोरी आणि विहीरगाव मागे पडल्यावर गाडी उमरेडचा महामार्ग सोडून डावीकडे कुहीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू उभा होता, तुरीच्या पेंढ्या बांधावर रचलेल्या होत्या. नऊ वाजता कुही आले. तिथून मांढळची गाडी मिळायला पाऊण तास लागला आणि मांढळहून पुढे जाणारी ‘मॅजिक’ ही छोटी खासगी प्रवासी गाडी भरायला त्याहून अधिक. या गाड्यांना वेळापत्रक नसते. भरली की सुटते, हेच तिचे वेळापत्रक आहे, आणि ती भरली केव्हा म्हणायची हे चालक ठरवतो.

मांढळच्या त्या वाट पाहण्यात मला एक जुनी गोष्ट आठवली. आज मिरचीच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात वाकाटक राजांचे ताम्रपट आणि त्या काळातील शैव मूर्ती सापडल्या आहेत. याच कुही तालुक्यातील अडम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात तटबंदी आणि खंदक असलेले प्राचीन नगर उजेडात आले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा भाग आडबाजूचा नव्हता, इथे माल येत होता आणि माणसेही. वस्ती कुठे वाढते आणि कुठे विरते याचा हिशेब एका दशकाच्या तक्त्यातून निघत नाही, एवढे तरी अडमकडे पाहून मानावे लागते.

बारा वाजून गेल्यावर मी फाट्यावर उतरलो. फाट्याला एक चहाची टपरी, एक पंक्चरचे दुकान आणि पत्र्याचा प्रवासी निवारा आहे. टपरीच्या आत लाकडी फळीवर सात-आठ पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. औषधे, शाळेचा गणवेश, पंपाचा एक सुटा भाग, कुणाच्या तरी चष्म्याची डबी. आतल्या गावांसाठी नागपूर, उमरेड किंवा मांढळहून आलेले सामान इथे उतरते आणि त्या दिशेने जाणारा पहिला ओळखीचा माणूस ते घेऊन जातो. टपरीवाला याचे पैसे घेत नाही. मात्र पिशवी घ्यायला आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय जात नाही, असे त्याने स्वतःच सांगितले. टपाल खात्याने, एसटीने आणि कुरिअरवाल्यांनी मिळून जे करायचे, ते इथे एक फळी करते.

फाट्यावरच्या दगडावर गावाचे अंतर ५ असे कोरलेले आहे. पाच म्हणजे ‘ए’ की ‘बी’, असा कारकुनी प्रश्न माझ्या मनात आला आणि मी चालू लागलो. पहिले तीन किलोमीटर डांबरी रस्ता बरा आहे, पुढे डांबर पातळ होत जाते आणि नाल्याजवळ संपते. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे पाण्याच्या पातळीलगतचा बुटका फरशीचा रस्ता. फेब्रुवारीत त्याच्यावरून घोटाभर पाणीही वाहत नव्हते. गावात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता.

रात्री हिशेब मांडला. नागपूरहून निघाल्यापासून पाच तास पन्नास मिनिटे लागली. त्यांपैकी सव्वादोन तास मी धावत्या गाडीत होतो, सव्वा तास पायी चाललो आणि उरलेले दोन तास वीस मिनिटे नुसता उभा होतो. अंतर सारे मिळून सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. तक्त्यात अंतर येते. उभे राहणे कोणत्याच रकान्यात येत नाही.

दुसरा दिवस : मंगळवार, १८ फेब्रुवारी

माझी राहण्याची सोय शाळेच्या गुरुजींनी एका वृद्ध जोडप्याकडे केली होती. काकाजींचे वय अठ्ठ्याहत्तर, काकूंचे त्यांनाही नीट ठाऊक नाही. सकाळी काकाजींनी मला गावच्या जुन्या कोतवालाच्या हवाली केले. कोतवाल हा महसूल खात्याचा गावपातळीवरचा सर्वांत कनिष्ठ माणूस असला, तरी गावात कोण आहे आणि कोण नाही हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. आम्ही दोघांनी आठ वाजता एका टोकापासून घरे मोजायला सुरुवात केली.

गावठाणात आणि नाल्यापलीकडच्या टोलीत, म्हणजे गावाच्या सुट्या वस्तीत, मिळून घरे एकशे सात निघाली. त्यांतील चौतीस घरांना कुलूप होते. प्रत्येक कुलपापुढे कोतवाल थांबून कारण सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. एकोणीस घरची माणसे मिरची तोडायला तेलंगणात गेली होती, अकरा कुटुंबे नागपूर किंवा बुटीबोरीला कायमची राहायला गेली होती आणि चार घरांत मागे कोणी उरलेच नव्हते. मिरचीला गेलेली माणसे संक्रांतीच्या सुमारास जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. जाताना ठेकेदाराची गाडी थेट गावात येते. एसटीला जो रपटा अवघड वाटतो तो या गाडीला वाटत नाही, हे कोतवालाने जरा तिखटपणेच ऐकवले.

येथे मला माझ्याच खात्याचा एक नियम आठवला आणि थोडे अस्वस्थ वाटले. भारतातील जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, पण त्याला एक अट आहे. मोजणीच्या मुदतीत तो काही दिवस तरी घरी असला पाहिजे, निदान मुदत संपण्यापूर्वी परतणार असला पाहिजे. ९ ते २८ फेब्रुवारी हा पूर्ण काळ जो बाहेर राहिला, त्याला गावात धरत नाहीत, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. देशाच्या एकूण बेरजेसाठी हा नियम निर्दोष आहे, कारण माणूस कुठे ना कुठे एकदाच येतो. मात्र ज्या गावची मजुरी नेमकी फेब्रुवारीत तीनशे किलोमीटर लांब असते, त्या गावाच्या ओळीतून तो निसटतो. मी कोतवालाला विचारले, “दोन हजार अकरालाही लोक जात होते का?” तो म्हणाला, “तवाही जात होते जी. तवा तं जास्तच जात होते.”

आता पाचशे या आकड्याचे महत्त्व सांगितले पाहिजे, नाहीतर ही सगळी मोजदाद हौशी वाटेल. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात पाचशे किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या, रस्त्याने न जोडलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता देणे हा तिचा मूळ नियम होता. डोंगरी आणि आदिवासी भागांत ही मर्यादा अडीचशेची होती आणि लोकसंख्या २००१ ची धरली जात होती. योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला आणि त्यात २०११ ची लोकसंख्या प्रमाण मानली आहे, सपाट भागासाठी मर्यादा मात्र पाचशेचीच आहे. हा टप्पा २०२८-२९ पर्यंत चालायचा आहे. म्हणजे २०११ च्या फेब्रुवारीत मिरची तोडायला गेलेल्या माणसाची गैरहजेरी अठरा वर्षे कामाला येणार.

त्यातही एक गुंता आहे. जनगणना महसुली गाव मोजते आणि सडक योजना वस्ती मोजते. पाचशे मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, त्यापुढची वस्ती वेगळी. या गावची टोली गावठाणापासून सव्वा किलोमीटरवर आहे. त्यामुळे पाचशेच्या जवळ आलेला आकडाही सडकेच्या हिशेबात दोन तुकड्यांत फुटतो आणि एकही तुकडा पुरेसा भरत नाही. जो डांबरी रस्ता आज आहे तो राज्याच्या एका योजनेतून पुढे झाला, पण निधी रपट्यापाशी संपला, असे गावकरी सांगतात.

दुपारी शाळेत गेलो. चौथीपर्यंतची शाळा, पट तेरा. २०२३ मध्ये शासनाने समूह शाळांचा विचार पुढे आणला तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचे सांगितले गेले होते. ही शाळा त्यांतलीच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. पाचवीची शाळा इथून तीन किलोमीटरवर, डांबर जिथे बरे आहे त्या गावात आहे. मुले सायकलने जातात. दहावीनंतर मांढळ किंवा कुही गाठावे लागते. एसटीत मुलींना शिक्षणासाठी मोफत पास आहे, पण तो फाट्यापासून पुढे चालतो. अकरावीतल्या एका मुलीने मला तिचा दिवस सांगितला: साडेपाचला उठणे, वडिलांच्या किंवा काकांच्या मोटारसायकलीवर फाटा, आणि संध्याकाळी त्यांच्यापैकी कुणाला वेळ होईपर्यंत टपरीवर बसणे. “ज्या दिवशी कोणाले वेळ नसते त्या दिवशी कॉलेज नसते,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर तिच्या आवाजात मला ऐकू आला नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

मोटारसायकलींचा विषय निघालाच, म्हणून कोतवालाबरोबर त्याही मोजल्या. गावात अडतीस मोटारसायकली आहेत. त्या चालवणारी बाई एकच, अंगणवाडी सेविका, आणि तीही स्वतःची स्कूटी वापरते. आता वाहकाचे आदल्या दिवशीचे वाक्य जागेवर बसले. २०११ मध्ये ‘बससेवा आहे’ ही नोंद खरीच होती, कारण तेव्हा रात्री मुक्कामी गाडी येत असे आणि पहाटे सहाला निघत असे. चालक-वाहक शाळेच्या ओट्यावर झोपत आणि काकूंकडे जेवत. मोटारसायकली वाढल्या तसे पूर्ण तिकिटाचे पुरुष गाडीतून उतरले आणि भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचे प्रमाण, घसरले. २०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली, २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात थांबलेलीच राहिली आणि नंतर सुरू झाली नाही. ज्यांनी गाडी रिकामी केली त्यांची सोय झाली होती. गाडी गेल्याने अडले ते म्हातारे, बाया आणि शाळेच्या मुली, आणि भाड्याच्या सगळ्या सवलती नेमक्या यांच्यासाठीच आहेत. मोफत तिकिटाचा अधिकार असलेले काकाजी फाट्यापर्यंत जायला पेट्रोलचे पैसे देतात.

ग्रामपंचायतीने गाडीसाठी ठराव दिला होता. पाहणीला माणूस आला, गाडी वळवायला जागा नाही आणि रपट्यावर पावसाळ्यात पाणी असते, अशी दोन कारणे सांगून गेला. दोन्ही कारणे खरी आहेत. मुक्कामी गाडी ज्या जागेत वळत असे तिथे आता समाजमंदिराचे बांधकाम झाले आहे, आणि ते गावकऱ्यांनीच मागितले होते.

तिसरा दिवस : बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती असल्याने शाळेची प्रभातफेरी सात वाजताच निघाली. तेरा मुले, गुरुजी, अंगणवाडी सेविका आणि मी. फेरी टोलीपर्यंत जाते, म्हणून मी सोबत गेलो. सव्वा किलोमीटर पांदण रस्ता आहे, काळ्या मातीचा. आत्ता तो टणक आणि भेगाळलेला होता. पावसाळ्यात या मातीत बैलगाडीचे चाक आसापर्यंत जाते, हे विदर्भात वाढलेल्या कुणाला वेगळे सांगायला नको. पांदण रस्त्यांसाठी राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ पासून आहे आणि टोलीच्या लोकांना तिचे नाव पाठ आहे. मुरूम पडायचा आहे.

टोलीत एका म्हातारीने बसायला घोंगडी टाकली. रक्तदाबाची गोळी महिन्यातून एकदा आणावी लागते. आरोग्य उपकेंद्र सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक असते, तेव्हा पाचशे माणसांच्या गावाला त्याच्या एक दशांशावर समाधान मानावे लागते, आणि ते उपकेंद्र इथून आठ किलोमीटरवर आहे. तिथे गोळी फुकट मिळते. जाण्यायेण्यात मुलाची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून ती दोन महिन्यांची गोळी एकदम मागते आणि कधी कधी एक दिवसाआड घेते. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली तर येते, याविषयी कुणाची तक्रार नव्हती. मात्र पाऊस असेल तर ती रपट्याच्या पलीकडे उभी राहते आणि अलीकडून तिथपर्यंत ट्रॅक्टर लागतो. काकूंची सून दुसऱ्या बाळंतपणाला ट्रॉलीत खाट टाकून अशीच गेली. “देवानं पोहचवलं,” काकू म्हणाल्या. काकाजींनी लगेच दुरुस्ती केली, “ट्रॅक्टरानं पोहचवलं.”

दुपारी सुटी असल्याने गुरुजींनी मला मोटारसायकलीवर आंभोऱ्याला नेले. सार्वजनिक वाहनाचा माझा नेम इथे मोडला, हे कबूल करतो. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या नद्यांच्या संगमावरचे चैतन्येश्वराचे देऊळ महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी सजत होते. गोसेखुर्द धरणाचे पाणी इथपर्यंत पसरलेले आहे. या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्याच्या पाण्याखाली या तालुक्यातील आणि पलीकडच्या भंडारा जिल्ह्यातील अनेक गावे गेली. वाटेत एक पुनर्वसित गावठाण लागले. सरळ आखलेले रस्ते, चौकोनी प्लॉट, मोठ्या रस्त्याला लागून. पुस्तिकेत त्याची ओळ आमच्या गावापेक्षा कितीतरी चांगली दिसेल. तिथल्या एका गृहस्थाने मला सांगितले, “बस दारातून जाते, पण जायचं कुठं? पहिले पायी वावरात जात होतो, आता बसनं मजुरीले जातो.”

संगमावर जानेवारी २०२४ मध्ये नवा पूल सुरू झाला. केबलने तोललेला, सातशे मीटरहून लांब, आणि त्याच्या उंच मनोऱ्यावर पाणी पाहण्यासाठी काचेची दालने. नागपूर आणि भंडारा जिल्हे इथे प्रथमच थेट जोडले गेले, त्याआधी डोंग्याने पलीकडे जावे लागे. पूल खरोखर देखणा आहे आणि तो बांधला हे चांगलेच झाले. आम्ही तिथे तासभर होतो. नागपूरच्या मोटारींतून उतरलेली कुटुंबे छायाचित्रे काढत होती, बस एकही दिसली नाही. मोठा पूल आणि लहान रपटा यांत एकाचे पैसे दुसऱ्याने खाल्ले असे मी म्हणणार नाही, सरकारी हिशेबाची खाती तशी मिसळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. गुरुजी मात्र परतताना आमच्या रपट्यावर गाडी थांबवून म्हणाले, “सर, याच्यावर काचेचं दालन नको, दोन मोऱ्या टाकल्या तरी चालते.”

रात्री चावडीजवळ आठ-दहा जण जमले. पुढच्या मोजणीला सगळ्यांनी गावात थांबायचे, मिरचीला आठ दिवस उशिरा जायचे, असा एकाने विचार मांडला. ठेकेदार उचल आधी देतो आणि तारीखही तोच ठरवतो, हे दुसऱ्याने दाखवून दिल्यावर तो विचार तिथेच मिटला. (पुढे जूनमध्ये अधिसूचना निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच.)

चौथा दिवस : गुरुवार, २० फेब्रुवारी

पहाटे पाचला निघालो. काकूंनी एक जड पिशवी दिली: तुरीची डाळ, लाखोळीची डाळ आणि वाळवलेल्या मिरच्या. मुलगा नागपुरात दिघोरीकडे भाड्याने राहतो, एका बांधकामावर सुपरवायझर आहे, त्याला द्यायची होती. अंधारात माझ्यापुढे अकरा बाया चालत होत्या. मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या आवारात, देठ खुडायला त्या जातात आणि रपट्याच्या पलीकडे त्यांच्यासाठी ‘छोटा हत्ती’ उभा असतो. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला धरून नाही, हे त्यांना, चालकाला आणि मला सारखेच ठाऊक होते. त्यांनी मला जागा दिली आणि मी बसलो. फाट्यावर पोहोचायला बारा मिनिटे लागली. चार दिवसांतले हे सर्वांत वक्तशीर वाहन होते.

कुहीला थोडा वेळ काढून जुने रेल्वे स्थानक पाहिले. इतवारी ते नागभीड ही अडीच फूट रुंदीची रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने बांधली आणि नोव्हेंबर २०१९ पर्यंत ती कुही, उमरेड, भिवापूर अशी धावत होती. ती सावकाश चाले, पण तिला वेळापत्रक होते आणि भारमान पाहून ती गावे वगळत नसे. मोठ्या रुळाच्या कामासाठी ती बंद केली गेली. मी गेलो त्या दिवशी नव्या मार्गाचा उंच भराव दिसत होता, प्रवासी गाडी मात्र अजून धावत नव्हती. मोठी गाडी येईल तेव्हा वेगाने येईल यात शंका नाही. ती लहान थांब्यांवर थांबेल का, हे विचारायला स्थानकावर कोणी नव्हते.

साडेदहाला नागपूर. २०११ मध्ये नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती आणि त्यांतील २४,०५,६६५ माणसे एकट्या नागपूर शहरात होती. म्हणजे अर्ध्याहून अधिक जिल्हा आधीच इथे येऊन राहिला होता. काकूंचा मुलगा त्यानंतर आलेला. त्याचे घर शोधून पिशवी दिली, तेव्हा त्याने गाडी कुठपर्यंत मिळाली हे आधी विचारले आणि आईची तब्येत नंतर. त्याची मुलगी दुसरीत आहे. गावी परत जाण्याचा विचार आहे का, असे मी विचारले. त्याने बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, “हिची दहावी होईपर्यंत तरी नाही. तिकडे दहावीनंतर काय करते हे तुम्ही पाहूनच आलात ना, काकाजी.” मी अकरावीतल्या त्या मुलीविषयी त्यांना काही बोललो नव्हतो, तरी तिला सगळे ठाऊक होते. मोजणीला नाव कुठे सांगाल, हेही विचारले. तो म्हणाला, मागच्या वेळी बाबांनी गावात लिहून दिले होते, या वेळी कसे करायचे ते पाहू.

निघताना त्याने आईच्या गोळ्यांची दोन महिन्यांची पाकिटे त्याच रिकाम्या पिशवीत घालून माझ्याकडे दिली. स्थानकावर कुहीच्या गाडीत ओळखीचे कोणी दिसेल तर द्यावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. ओळखीचे कोणी नव्हते, पण सोमवारचाच वाहक होता. त्याने चिठ्ठी वाचली, फाट्याचे नाव पाहिले आणि पिशवी आपल्या पेटीशेजारी ठेवून दिली. मांढळला मॅजिकवाल्याकडे देतो, म्हणाला. शनिवारी संध्याकाळी काकाजींचा फोन आला, पिशवी फळीवर दोन रात्री राहून घरी पोहोचली होती.